आठवं टॅपेट

बोनेट उघडल्यावर डाव्या बाजूला चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, चार स्पार्क प्लग, एक कार्ब्युरेटर, धुराचा एक वाकडा नळ आणि दोन नटांनी धरलेलं एक लांबट झाकण होतं. सगळं जागच्या जागी होतं. त्याखेरीज एक आवाज होता.

टिक, टिक, टिक. एका लयीत, शिवणयंत्रासारखा.

"हाच तो," निंबा म्हणाला. "हाच गाडीला खातो, अलकाताई."

निंबा दापोऱ्याचा, सुलभामावशीची गाडी चालवायचा. मावशी बुऱ्हाणपुरात डॉक्टर होती. संस्थानं विलीन झाली तेव्हा शेजारच्या एका लहान राजाचा मोटारखाना रिकामा झाला आणि त्यातली ही काळी विलायती गाडी तिनं घेतली. दारावरचं राजचिन्ह रंगानं झाकलं होतं, तरी ऊन तिरपं पडलं की वाघाचा पंजा दिसायचा. दर गुरुवारी औषधांच्या पेट्या मागं टाकून मावशी धूलकोटला जायची. तिथं दुसरा डॉक्टर नव्हता.

मागचे दोन गुरुवार गाडी धूलकोटला पोचलीच नव्हती. चढाच्या मध्यावर दम जायचा, की उतारानं माघारी. मावशीचे थोरले भाऊ गजाननमामा यांनी तर गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं: नेपानगरला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथला एक ठेकेदार. तो शुक्रवारी येणार होता. मावशीनं कबूल केलं होतं की उद्या, गुरुवारी, गाडी चढ चढली नाही तर ती द्यायची. आणि गाडी गेली की धूलकोटचा दवाखाना बंद.

मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन नुकतीच आले होते. विषय पदार्थविज्ञान. इंजिन मी पुस्तकात आडवं कापलेलं पाहिलं होतं, उभं आणि गरम असं पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तू बी.एस्सी. झालीस, मिस्त्री नाही झालीस," मामा खुर्चीवरून म्हणाले. दवाखान्यामागच्या अंगणात ते खास ही गंमत बघायला बसले होते. "सात टॅपेटं मी स्वतः गप्प केली. आधी सगळी आठ कडकड वाजायची. आठवं मागच्या पत्र्याला चिकटलेलं, तिथं माझा पाना फिरेना. तेवढं एक खंडव्याच्या मिस्त्रीकडून करून घे म्हणालो, तर सुली ऐकेल तर ना!"

"दादा, मिस्त्री पुढच्या महिन्यात येतो म्हणाला," मावशी म्हणाली. "तिथली माणसं महिनाभर थांबतील का?"

मी आधी आवाज पिस्टनचा आहे की व्हॉल्व्हचा ते ठरवायचं ठरवलं. निंबानं लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं एकेका प्लगची तार सोडवली. सिलिंडर बंद पडला की इंजिन लंगडायचं, पण टिक तशीच राहायची. म्हणजे स्फोटाच्या जोराशी तिचा संबंध नव्हता. मग इंजिन बंद केलं, चारी प्लग काढले, इंजिनच्या पुढच्या चक्रीवर खडूची खूण केली आणि निंबाला हँडल सावकाश फिरवायला सांगितलं. मावशीनं स्टेथोस्कोप झाकणावर ठेवला.

"एक फेरा," मी म्हणाले.

"काही नाही."

"दुसरा."

"टिक!" मावशी ओरडली. मलाही ओरडावंसं वाटलं. पुन्हा फिरवलं: दोन फेऱ्यांना एक टिक, दर वेळी खडू त्याच जागी असताना. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो. आवाज व्हॉल्व्हचाच होता.

"बाप रे, गाडीची नाडी बघताय का काय," निंबा म्हणाला. "आता जीभ दाखवायला सांगा तिला."

मावशी स्टेथोस्कोप पुढून मागं सरकवत गेली आणि अगदी शेवटी थांबली. "आठवंच. पण अलके, एक सांगू? बाकीच्या सात ठिकाणी काहीच ऐकू येत नाही. छातीत जो ठोका ऐकू येतो ना, तो झडपा मिटण्याचाच असतो. माझ्या पेशंटच्या झडपा अशा गप्प झाल्या तर मी घाबरीन."

"इंजिनाला काळीज नसतं, सुले," मामा म्हणाले.

मी झाकणाचे नट सोडले. आत आठ टॅपेटं ओळीनं उभी होती, व्हॉल्व्हना खालून वर ढकलणाऱ्या लहान खुंट्या. प्रत्येकाच्या डोक्यावर वर-खाली करता येणारा स्क्रू, आणि त्याच्यावर व्हॉल्व्हचा दांडा. दोघांच्या मध्ये एक बारीक फट असायला हवी. झाकण पुसलं तर आतल्या बाजूला पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजीत कोरलं होतं: टॅपेट, इंचाचे दहा हजारांश, इंजिन गरम असताना.

माझा अंदाज सरळ होता. आठव्याची फट वाढलीय, पंधरा नाही तर वीस असेल, ती दहावर आणायची. पण मोजायचं कशानं? फट मोजायच्या पोलादी पात्यांचा संच गाडीबरोबर आला नव्हता.

"मामा, तुमच्या कारखान्यात तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर आहे ना?"

"आहे. मद्रासच्या व्यापाऱ्यांना दाखवायला. मला बोटाला कळतं."

"मग मला तांब्याची एक पट्टी करून द्या. बरोब्बर दहा हजारांश."

मामांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छाया आली. त्यांचा कारखाना कलाबतूचा, म्हणजे जरीच्या तारेचा. तिथं तार जितकी बारीक ओढावी आणि दोन रुळांत दाबून तिचा बादला जितका पातळ करावा, तितकं मोठं नाव. "दहा? पोरी, एवढी जाड पट्टी माझ्या हातून आजवर गेली नाही. लोक काय म्हणतील?"

पण ते गेले, आणि चहा होईतो पट्टी आणि मायक्रोमीटर घेऊन परतले. पट्टी मी तीन ठिकाणी मोजली. दहा, दहा, दहा.

"बोटाला कळतं," मामा म्हणाले.

प्लग बसवून इंजिन पुन्हा तापवलं, बंद केलं, आठवा व्हॉल्व्ह पूर्ण मिटेल असं हँडल फिरवून घेतलं आणि पट्टी फटीत सारली. ती सैल जाईल अशी माझी खात्री होती. ती अडखळत, हलकीशी घासत गेली आणि तशीच घासत बाहेर आली.

फट दहाच होती. ज्याला सगळे आजारी म्हणत होते ते टॅपेट अगदी बरोबर होतं.

क्षणभर मला काही समजेना. मग मी पट्टी सातव्यावर लावली. जाईना. सहावं, पाचवं. जाईना. पहिल्यापर्यंत गेले. एकाही फटीत ती शिरली नाही. मी औषधाच्या पुडीचा कागद फाडून घातला. तोही गेला नाही.

"मामा! तुम्ही सात टॅपेटं लावलीत तेव्हा मध्ये काय धरलं होतं?"

मामांनी बंडीच्या खिशातून कागदात गुंडाळलेला सोनेरी बादला काढला आणि दोन बोटांत उजेडाला धरला. तो वाऱ्यानं हलत होता. "हा. इंजिन गार असताना, सकाळी. सातांत मिळून केसाएवढा फरक सापडायचा नाही. काम करावं तर असं बारीक."

मी मायक्रोमीटरमध्ये बादला धरला. एक हजारांशही पुरता भरेना.

मला हसू आवरेना आणि बोलायचीही घाई झाली होती, त्यामुळं दोन्ही एकदम झालं. "मावशी, तू बरोबर होतीस! दांडा तापला की लांबतो. लांबायला जागा म्हणून ती फट असते, आणि ती ओलांडून टॅपेट दांड्याला आपटतं तीच टिक. मामांनी जागाच ठेवली नाही, मग दांडा लांबून टॅपेटावर टेकतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. टिक येणार कुठून? सगळा दाब गळून जातो. सकाळी गार असताना गाडी ठीक, आणि चढावर तापली की..."

"दम तुटतो," निंबा म्हणाला. "मी कब का सांगतोय, बाजारात छान पळते, घाटात मरते!" त्यानं जाऊन गरम इंजिनचं हँडल एका हातानं फिरवून दाखवलं. दाब टिकला असता तर ते जागोजाग अडलं असतं; ते कुठंही अडत नव्हतं. "बघा. लोण्यात फिरतंय."

मामा उठून उभे राहिले होते. "म्हणजे मी बिघडवली?"

मी बादला पुन्हा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. मग मावशी म्हणाली, "दादा, तू एवढं बारीक काम केलंस की इंजिनाला सोसवेना."

"आणि आता ही आठही वाजवणार? कडकड करत गावातून जाणार तुम्ही?"

"आठही."

"लाज आणाल," मामा म्हणाले. पण त्यांनी बाह्या वर सरकवल्या. "दे ती पट्टी. तुझ्या हातानं व्हायचं नाही, अलके. घासली पाहिजे पण अडली नाही पाहिजे, हे बोटाला कळावं लागतं."

मग मी हँडल फिरवून एकेक व्हॉल्व्ह मिटवत गेले, निंबा पान्यानं नट धरत गेला आणि मामा पट्टी सारून स्क्रू बसवत गेले. मध्ये इंजिन निवलं की थांबून पुन्हा तापवायचं. प्रत्येक फट मी मागून तपासली, आणि एकही चुकली नव्हती. आठव्याला कुणी हात लावला नाही. राजाच्या मिस्त्रीनं लावलेली फट तशीच राहिली. शेवटी निंबानं इंजिन सुरू केलं. अंगण टिकटिकीनं भरलं. मामांनी डोळे मिटून घेतले, जणू कुणी त्यांच्या रुळांत वाळू टाकली होती.

गुरुवारी आम्ही चौघं निघालो. मामा आपणहून मागं, औषधांच्या पेट्यांमध्ये बसले. "ठेकेदाराला उद्या काय सांगायचं ते मला डोळ्यांनी बघू दे," म्हणाले. सपाटीवर गाडी पळत होती, पण ती आधीही पळायची. चढ सुरू झाला. निंबानं दुसरा गिअर टाकला. मावशीनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. जिथं मागच्या दोन्ही वेळी गाडी थांबली होती तो पळस जवळ आला, बाजूला आला.

"आता," निंबा पुटपुटला.

पळस मागं गेला. "वाजतंय का सगळं?" मामांनी मागून ओरडून विचारलं.

"आठही!" मी ओरडले.

"मग दाब की रे, निंबा! वाट कसली बघतोस?"

निंबानं पाय दाबला. मी पुढं वाकून काचेमागचा काटा बघत राहिले. माथ्यावर, चार माणसं आणि औषधांच्या दोन पेट्यांसह, दुसऱ्या गिअरमध्ये वेग ताशी अठरा मैल होता.