टिवाच्या पणजीचं नाव

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुणाची सून किती वाजता उठते, पाद्रीबुवांच्या कोंबड्या कुणाच्या शेतात चरतात, सगळं मी तोंडावर बोलते. पण एक गोष्ट मी साठ-पासष्ट वर्षं पोटात ठेवली होती. ठेवावीच लागते. आमच्या अशांती मुलखात जुना कायदा आहे, कुणी दुसऱ्याचं मूळ सांगायचं नाही. कुणाची आजी विकत आणलेली, कुणाची लढाईत धरलेली, हे माहीत सगळ्यांना असतं, बोलायचं मात्र कुणी नाही. बोललात तर पंचांपुढे मेंढा द्या आणि चारचौघांत शोभा करून घ्या.

यंदा आमच्या घराण्यातली थोरली वारली. आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. बोआहेन मामा पुरुषांत प्रमुख असले, तरी थोरल्या बाईच्या शब्दाशिवाय लग्न ठरत नाही, भांडण मिटत नाही, मढंसुद्धा हलत नाही. चाळिसावा दिवस झाला आणि शनिवारी नवी थोरली नेमायची ठरली. नावं दोन. एक मी, डुफिए. दुसरी माझी लांबच्या नात्यातली मावसबहीण टिवा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी.

लपवत कशाला, मला तो मान हवा होता. माझ्या आईनं तो वीस वर्षं भोगला. पण लोकांच्या मनात टिवा होती. तिच्याकडे माणसं रडत जातात आणि जेवून परत येतात. माझ्याकडे हसत येतात आणि चिडून जातात. आता स्वभावाला औषध नाही, त्याला मी काय करू?

मंगळवारी दुपारी सून उखळात उकडलेल्या कंदांचं फुफू कांडत होती आणि मी ओल्या हातानं गोळा फिरवत होते. टिवा आली, न विचारता बाकड्यावर बसली आणि सुनेला म्हणाली, "जा बाई, जरा पाणी पिऊन ये."

सून गेली. मी म्हटलं, "काय गं, आत्तापासूनच हुकूम सोडायला लागलीस? शनिवार व्हायचाय अजून."

ती हसली नाही. "अक्का, शनिवारी मला पूर्वजांना दारूची धार सोडायची आहे. आज्या-पणज्यांची नावं घ्यायची आहेत."

"मग घे की. मी का तुझं तोंड धरलंय?"

"माझी आई न्यार्को. तिची आई पोमा. आणि पोमाची आई?"

माझा गोळा फिरवणारा हात थांबला.

"तुमच्या शाखेची सात नावं मला पाठ आहेत," टिवा म्हणाली. "माझी दोन झाली की मामा एकदम तुझ्या पणजीवर उडी मारतात. मधली पायरी कुठे गेली?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे. आपण लहान असताना पाण्यावरून भांडलो होतो. तू म्हणालीस, 'गप बस गं, तुझी पणजी तर...' आणि तुझ्या आईनं धावत येऊन तुझ्या तोंडात वाटलेली मिरची कोंबली. विसरलीस?"

विसरेन कशी? तीन दिवस गिळता येत नव्हतं.

"अक्का, मी काही दूधखुळी नाही," ती हळूच म्हणाली. "घराण्यातलं मढं धुवायला नेहमी आमच्याच बायकांना बोलावतात. म्हणे यांचा हात हलका. चार पिढ्या सगळ्यांचेच हात हलके? मी काय आहे ते मला कळतं. मला नाव हवंय. नावाशिवाय हाक कशी मारू तिला?"

"आणि ते घेऊन काय करशील? शनिवारी बोललीस तर तुला थोरली कोण करील?"

"ते माझं मी बघेन."

माझा तिळपापड झाला. "जा घरी! मरायच्या वयात मला मेंढा द्यायला लावतेस? शनिवारनंतर ये, मग बघू." ती उठली आणि गेली. फुफूचा पार चिकट लगदा झाला होता. सुनेला मी उगाचच चार शब्द सुनावले.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. टिवाची ती पणजी मी डोळ्यांनी पाहिली होती. घराच्या मागच्या अंगाला बसायची, राखेत शेंगा भाजायची आणि गरम गरम माझ्या ओंजळीत टाकायची. तिला सगळे नुसतं 'म्हातारी' म्हणायचे. माझ्या आजीच्या मामानं तिला सलागाच्या गुलामांच्या बाजारातून कोलाच्या बियांच्या टोपल्या मोजून विकत आणलं होतं, दहा वर्षांची असताना. पुढे तिची पोरं आमच्याच घराण्यात धरली गेली. मरायच्या आधी तिनं माझ्या आजीला जवळ बोलावलं आणि आपलं खरं नाव सांगितलं. आजीनं ते मला सांगितलं, आणि वर शपथ घातली.

ज्यांनी हा कायदा केला त्यांनी दयाच केली असेल. भर बाजारात कुणी कुणाला गुलामाची पोर म्हणू नये, एवढंच त्यांना हवं असेल. पण त्या दयेच्या ओझ्याखाली एक अख्खी बाई गाडली गेली की! तिचं दुःख कुणी मांडायचं? आमच्याच घरात, आमच्याच माणसांनी तिला विकत आणलं, आणि आम्ही सात पिढ्यांच्या नावांनी छाती फुगवतो.

गुरुवारी सकाळी मी टिवाच्या दारात गेले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. का सांगितलं? म्हातारीची कीव आली म्हणून, की टिवा शनिवारी बोलेल आणि मान माझ्या पदरात पडेल म्हणून? आजही देवाशपथ मला सांगता येत नाही. थोडं ते, थोडं हे.

शनिवारी अंगणात सगळं घराणं काळी-लाल वस्त्रं नेसून बसलं. बहुतेकांचा कौल टिवाला, म्हणून बोआहेन मामांनी जिनचा पेला तिच्या हातात दिला. तिनं पहिली धार जमिनीवर सोडली. "न्यार्को, ये, पी. पोमा, ये, पी." मग ती थांबली. "अतिपोका, ये, पी."

असलं नाव आमच्यात कुणी ठेवत नाही. ते उत्तरेकडचं, जिकडून गुलाम आणत. अंगणात कुजबुज उठली. मामा उभे राहिले. "कुणी सांगितलं हे? कुणी कायदा मोडला?"

"कायदा म्हणतो दुसऱ्याचं मूळ सांगू नये," टिवा म्हणाली. "मी माझं सांगितलं, मामा."

मामा पंचांकडे वळले. ते म्हणाले, "आम्ही म्हातारीला विचारून येतो." आमच्याकडे पंच अडले की असंच म्हणून बाजूला जातात. तिथे म्हातारी-बितारी कुणी नसते, आपापसांत कुजबुजून परत येतात.

परत आले तेव्हा मामांचा आवाज मऊ होता. "पोरी, वारं फार होतं. आम्हाला नीट ऐकू आलं नाही. पेला भर, आणि नेहमीची नावं घे. थोरलेपण तुझंच आहे."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मामा वाईट माणूस नाही. आपल्या परीनं तिला वाचवत होता, आणि घराण्याची अब्रूही. टिवा पेला धरून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तुलाही ऐकू नाही आलं?"

'नाही आलं' म्हटलं असतं तर टिवा थोरली झाली असती, आणि ती म्हातारी दुसऱ्यांदा पुरली गेली असती. नुसतं 'आलं' म्हटलं असतं तर मान आयता माझ्या घरी आला असता. फक्त त्या दिवशी, त्या अंगणात, मला तो नको झाला.

"आलं की," मी उठून म्हटलं. "अतिपोका. स्वच्छ ऐकू आलं. आणि मामा, नाव मी सांगितलं. कायदा मी मोडला. मेंढा माझ्याकडून घ्या."

थोरली कोण झाली? फोसुआ. मामांची भाची, चाळिशीची, दिवसभर फोनवर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! माणसं तिच्याभोवती जमली आणि आम्ही दोघी मागच्या दारी येऊन बसलो. मला वाटलं ती रडेल.

"दिसायला कशी होती गं?" टिवानं विचारलं.

"काळी, बारीक. आणि गालांवर रेघा होत्या, लहानपणी कोरलेल्या. त्यांच्या मुलखात तशा कोरतात."

"कशा?"

मला बोलून सांगता येईना. मी हात पुढे केला आणि बोटानं तिच्या गालावर कानापासून ओठापर्यंत एक रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी. टिवानं डोळे मिटले आणि दुसरा गाल माझ्याकडे केला.