माझ्यावरच्या सात सह्या

मला नाव नाही, आकडा आहे. चारशे सतरा. मँचेस्टरच्या एका जाहिरात कंपनीतली मी जॉब बॅग. एका जाहिरातीचे सगळे कागद पोटात घेऊन टेबलाटेबलावर फिरणारी प्लास्टिकची पिशवी. माझ्यावर सात चौकोन. सात जणांनी आतलं वाचून सही करायची, मग मी पेपरकडे. वाचून म्हणे. इथं वाचतंय कोण?

मला फिरवायची ग्लेनिस. ऑफिसचं ट्रॅफिक तिच्याकडे होतं. काम कुणाकडे अडलंय, कुणाच्या मागे लागायचं, छपाईला केव्हा पोचवायचं, सगळं तिच्या डोक्यावर. जाहिराती लिहिणाऱ्या कीथच्या टेबलावर मी दोन दिवस पडून होते. "कीथ, हिला काय बाळसं धरायला ठेवलंयस?" ती म्हणाली. त्यानं मला न उघडताच सही ठोकली. त्याची सही बघून बाकीच्या सहांनीही ठोकल्या. अस्सा संताप आला होता मला.

ग्लेनिसला सहीचा चौकोनच नव्हता. पण तिला एक खोड होती. जाहिरातीतला फोन नंबर ती स्वतः लावून बघायची. त्या गुरुवारी माझ्यात गालिच्यांच्या सेलची जाहिरात होती, शनिवारच्या पेपरसाठी. नंबर लावला, तर एका म्हाताऱ्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"हॉस्पिटलमधून ना? माझ्या डोरीनचं ऑपरेशन शनिवारीच आहे ना? मी दिवसभर फोनपासून हलणार नाही बघा."

ग्लेनिसनं त्याची माफी मागितली, आतल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि मला घेऊन तडक ऑर्मरॉडसाहेबांकडे गेली. गालिचेवाल्यांचं काम त्यांच्याकडे.

"नंबर चुकलाय. थांबवावं लागेल."

"चारनंतर पेपर जाहिरात घेत नाही. सात सह्या झाल्यात, त्यात माझीही आहे. तू काम पळव बाई, वाचत बसू नकोस."

"अहो, तो माणूस हॉस्पिटलच्या फोनची वाट बघत बसणार आहे. गिऱ्हाइकं त्याची लाइन मोकळी ठेवतील का?"

"सोमवारी दिलगिरी छापू."

मला त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

ग्लेनिसनं मला पाठवलं नाही. कीथच्या उरावर बसून नंबर दुरुस्त करून घेतला. तोवर सव्वाचार झाले. जाहिरात हुकली. शनिवारी त्या म्हाताऱ्याच्या घरी गालिच्यासाठी एकही फोन गेला नाही.

सोमवारी दुकानदार कडाडला. ऑर्मरॉडसाहेबांनी माझ्यावर लाल पेनानं लिहिलं, 'उशीर. कारण: ट्रॅफिक.' ग्लेनिसला काढून टाकलं. सह्या करणारे सातही जण जागच्या जागी आहेत.

आता मी तळघरातल्या रॅकवर आहे. कुणी जुनं काम शोधायला आलं की ती लाल ओळ वाचतं, मान हलवतं आणि मला परत सरकवून देतं. चीड येते हो. एकदा, एकदाच मला उघडून बघा. आत तो चुकीचा नंबर आहे आणि त्याच्याशेजारी ग्लेनिसच्या अक्षरात लिहिलंय, 'इथे एक माणूस राहतो.'