भुरीच्या काळजातले जंत

मी एक जुनी मांजर आहे, भुरी नावाची. मित्रांनो, मला गोंजारायला हात पुढे करू नका. मी ओरबाडीन.

माझा जन्म मेहकरात, हरिओमशेठच्या भुसार दुकानामागच्या गोदामात झाला. मोठी झाले तशी मी उंदरांचा फडशा पाडू लागले. गिऱ्हाइकांसमोर शेठ माझी तारीफ करायचे. माझी ताटली मात्र त्यांची बायको दीपमालाच भरायची.

गेल्या दिवाळीनंतर मला खोकला लागला. पोट जमिनीला टेकवून, मान लांब करून मी खोकायची आणि खाल्लेलं ओकायची. समोरून उंदीर गेला तरी धावता येईना. शेठ म्हणाले, हिला दमा झाला, हा रोग सगळ्यांना लागेल. एका सकाळी त्यांनी मला पोत्यात कोंबलं. मी त्यांच्या अंगठ्यात दात रुतवले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दीपमालाने पोतं हिसकावलं. "उंदीर मारत होती तवा चांगली होती. आता तिले काऊन फेकता?"

"मले दुकान चालवाचं हाय, दवाखाना नाही," शेठ म्हणाले.

ती मला एसटीने अकोल्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. माझ्या हृदयात जंत निघाले. गोदामाचा राखणीचा कुत्रा आधी असाच खोकून मेला होता, हे दीपमालाने सांगितलं. त्याला चावलेला डास मला चावला असणार, असं बाई म्हणाल्या. माझ्या खोकल्यातून हा रोग कोणालाच लागत नाही. पण जंत मारायचं कुत्र्याचं औषध मांजराला चालत नाही; जंत एकदम मेले की त्यांच्यासोबत मांजरही जाऊ शकतं. श्वासाला आराम पडेल असं औषध द्यायचं आणि जंत आपोआप संपायची वाट पाहायची.

दीपमालाने मला माडीवर ठेवलं, खिडकीला जाळी मारली. एकदा माझा श्वास अडकला, जीभ निळी पडली. तिने मला मांडीवर घेतलं. मी तिलाही ओरबाडलं. तिने हात काढला नाही.

इकडे उंदरांनी पोती कुरतडली. मग शेठ दुधाची वाटी घेऊन वर आले. भुरी आता बरी दिसते, खाली नेतो, म्हणाले.

"तिच्या छातीत अजून जंत हायेत," दीपमाला म्हणाली. "गोदामातला हौद झाका पयले. सारे डास तिथूनच येतात."

शेठ वाटी ठेवून निघून गेले. हौद अजून उघडाच आहे. ते दूध मी प्यायले नाही.

मित्रांनो, तुमची मांजर खोकली तर तिला हाकलू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि जंत होऊच नयेत म्हणून मानेवर घालायचे थेंब आधीपासून, दर महिन्याला घाला. मला ते फार उशिरा मिळाले. जिन्यावर शेठची पावलं वाजली की मी अजून गुरगुरते. तेवढा दम माझ्यात उरला आहे.