ठेवणीतला आवाज

चिमीला मांडीवर घेऊन मावशी दुसऱ्या रांगेत बसली. नाटकाच्या तालमीची जुनी खोली, खिडक्यांना काळी कापडं, समोर चादरीएवढा पडदा. माणसं जेमतेम वीसेक. चित्रपट दाढीने केला होता. दाढी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि धाकटी म्हणजे चिमीची आई. ती गेली तेव्हा चिमी रांगतही नव्हती.

जाण्याआधी धाकटीने दाढीच्या टेपरेकॉर्डरवर एक अंगाई म्हणून ठेवली होती. शब्द तिचे, चालही तिचीच. "कळती झाली की ऐकव," एवढंच म्हणाली. मावशीने ती फीत ठेवणीतल्या साडीच्या घडीत जपली. स्वतः एकदाही ऐकली नाही. वाजवून झिजली तर, ही एक धास्ती. ऐकून आपणच मोडून पडलो तर पोरीकडे कोण बघणार, ही दुसरी. धाकटीच्या कवितांवर चित्रपट करायचा म्हणून दाढीने फीत मागितली तेव्हा मात्र तिने दिली. चिमी आता कळती झाली होती. मांडीवर बसवून आईचा आवाज ऐकवायचा, म्हणून आज तिला नवा फ्रॉक घालून आणलं होतं.

अंधार झाला. पडद्यावर एक ओली भिंत आली आणि बराच वेळ ओलीच राहिली. मग हात. मग पाणी. पुन्हा भिंत. कुठलीशी तार एकाच सुरावर घासत होती.

"मशीन अडकलं का गं?" मागे कुणीतरी कुजबुजलं.

"गप्प बसा हो, कला आहे ती," त्याची बायको म्हणाली.

आणि आवाज आला. "ये..." तार घासली. एक श्वास. "...गं." पुन्हा भिंत. "पाख..."

मावशीने आवाज लगेच ओळखला. धाकटीच ती, शंकाच नाही.

"मावशी, कोण बोलतंय?"

"तुझी आई."

चिमीने जरा वेळ ऐकलं. "ती अडकते का बोलताना?"

"नाही गं राणी. आता नीट म्हणेल. ऐक हं."

मावशी जीव कानात आणून बसली. तुकडे येत राहिले, उलटसुलट, एकात दुसरा मिसळून. आता सलग येईल, आता येईल, म्हणता म्हणता पडदा पांढरा झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दाढी दाराशी उभा होता. डोळे लाल. "ताई, कसं वाटलं?"

"चांगलं असेल. मला कळलं नाही, खोटं कशाला बोलू. माझी फीत तेवढी दे."

"तीच तर होती ही." तो गोंधळला. "मी फीत कात्रीने कापतो आणि चिकटवतो, ताई. तशीच पद्धत आहे माझी. ती कविता लिहायची ना, तशी तुटक."

"आधी दुसरी भरून घेतली असशील."

"मला वाटलं तुमच्याकडे असेल. तुम्ही तर रोज ऐकत असाल."

"उरलेले तुकडे?"

दाढीने मान खाली घातली. "केर काढला त्यात गेले."

"तू ऐकली होतीस ना, ती गात होती तेव्हा? मग म्हणून दाखव. मी पाठ करीन."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले. "ये..." तो थांबला, श्वास घेतला. "...गं." मग डोळे उघडले. "कापता कापता हेच बसलंय डोक्यात, ताई. आधीचं येतच नाही."

त्याला शिव्या काय द्यायच्या? कपाटात कुलूपबंद करून ठेवणारी तरी कोण होती? मावशीने चिमीचा हात धरला आणि चालू लागली.

घरी आल्यावर चिमीला दुपारची निजवायला ती शेजारी आडवी झाली आणि रोजचं गाणं गुणगुणू लागली. चिमीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"असं नाही. आईसारखं."

मावशीने तिचा हात बाजूला केला. मग म्हणाली, "ये..." थांबली. श्वास घेतला. "...गं. पाख..."

चिमीने अंगठा तोंडात घातला आणि कुशीत सरकली. मावशी तिथेच थांबली.

"पुढचं म्हण ना," चिमी डोळे न उघडता म्हणाली.