पिलाची आय कुटं हाय?

ससा घेताना गिऱ्हाइकं ठरलेलंच विचारतात: चावतो का, वास येतो का, खातो काय. केराबाईंनी जे विचारलं ते माझ्या दुकानात कुणीच कधी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला, हे आधीच सांगून टाकतो.

त्या नातेपुत्याकडच्या धनगर. सारं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता सोलापुरात लेकाकडे राहतात. नात सोनम हिला वाढदिवसाला ससा हवा होता. तिने एक तपकिरी पिल्लू उचललं. केराबाईंनी ते हातात घेतलं, पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ह्येची आय कुटं हाय?"

"आजी, ससे बॉक्समधून येतात की," मी हसलो.

"बॉक्स व्यालाय व्हय ह्येला?"

सोनम फिदीफिदी हसली. माझं तोंड एवढंसं झालं.

"कोकरू घ्यायचं तर आमी आदी त्येची मेंढी बघतो," केराबाई म्हणाल्या. "ह्ये अजून दुधावर हाय. पाल्यावर ठिवलंस तर चार दिसांत जाईल. चल, आयकडं न्हिऊ."

दुकान कोण बघणार, असं मी म्हणालो. खरं तर मला भीती वाटली. माझी पिल्लं किती दिवस जगतात ते मला ठाऊक होतं. कुणी रडत आलं की मी "थंडी लागली असेल" म्हणायचो. सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा!

केराबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणू लागल्या, "आदी पिलाची आय इचारा." तासाभरात मी शटर ओढलं.

ससे पुरवणाऱ्या विरुपाक्षची शेड अक्कलकोट रस्त्याला आहे. चार वर्षं त्याच्याकडून माल घेत होतो, पण तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. पत्र्याखाली पिंजऱ्यांवर पिंजरे, तळाला नुसती तारेची जाळी आणि त्या जाळीवर बसून तळपाय सोललेले ससे. विरुपाक्षने दारातला गुबगुबीत पांढरा ससा काढून दिला. "ही बघा आई."

केराबाईंनी तो उलटा केला. "आरं, ह्यो नर हाय की!"

मग त्या स्वतःच आत शिरल्या. एकेक मादी हातात घेऊन सड चाचपत गेल्या. अगदी मागच्या ओळीत एक हाडकुळी तपकिरी मादी सापडली, सड दुधानं तटतटलेले. तिची पिल्लं आदल्या दिवशीच काढून मला पाठवली होती.

"लहान दिसली की लवकर खपतात," विरुपाक्ष पुटपुटला. हे त्याला मीच सांगितलं होतं.

केराबाई तिथल्या घाणीत मांडी घालून बसल्या. मादीचं दूध बोटावर घेऊन त्यांनी पिलाच्या पाठीला, शेपटीला चोळलं. मेंढीनं कोकरू झिडकारलं तर धनगर असंच करतात. आईला आपलाच वास यायला हवा. मादीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा चोळलं, पुन्हा तेच. पिल्लू मान टाकायला लागलं होतं. सोनम माझा शर्ट धरून उभी होती. केराबाईंनी मात्र घाई केली नाही. "घे गं बाई, तुजंच हाय," एवढंच हळूहळू म्हणत राहिल्या. तिसऱ्या खेपेला मादी जागची हलली नाही, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून चुटुचुटु प्यायला लागलं.

त्या बाईंचे पाय धरावेत असं मला वाटलं. लाजेनं धरले नाहीत.

मादीला मी दुकानात आणलं आणि तिची बाकीची पिल्लंही तिला लावली. विरुपाक्षचा माल बंद केला. मागं राहिलेल्या माद्या अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. आता दुकानात ससे कमी असतात, आणि फार लहान पिल्लू कुणी मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो.

दोन महिन्यांनी केराबाई सोनमला घेऊन पिल्लू न्यायला आल्या. तपकिरी पिल्लू चांगलं दांडगं झालं होतं, पाला कुरतडत होतं. त्यांनी पोट चाचपलं, तोंड पाहिलं, आणि सगळं ठाऊक असूनही मला विचारलं, "ह्येची आय कुटं हाय?"

"ही काय," मी शेजारच्या तपकिरी मादीकडे बोट दाखवलं.