शकूच्या ओठावरचं देवीचं बोट

मंगळवार उजाडला की करंजमाचीची एसटी पोलादपुरातूनच भरून निघायची. एरवी त्या डोंगरातल्या वाडीला जायला कंडक्टर आणि ड्रायव्हर सोडले तर चार माणसं मिळायची नाहीत, आणि आता टपावर चढायची पाळी! गुडघेवाले, कंबरवाले, मानेत पट्टा घातलेले, कपाळाला फडकं करकचून बांधलेल्या बायका. महाडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून मोटारसायकलवर आलेले कामगारसुद्धा चपला हातात घेऊन वाघजाईच्या देवळासमोर रांगेत उभे. कारण तिथे कुशाबा महाराज बसायचे. भगवी लुंगी, हातात सोनेरी घड्याळ आणि मांडीजवळ अंगाऱ्याचा पितळी डबा.

"डॉक्टर काय करतो? फोटो काढतो!" महाराज सुरू व्हायचे. "अरे, फोटोत लग्न येतं, बारसं येतं. दुखणं कधी फोटोत आलंय काय? ते फक्त देवीला दिसतं. आणि देवीकडं नंबर नाय, रिसेप्शन नाय. एसटीडीसारखा डायरेक्ट कॉल! जीभ काढ. कडू लागला? लागणारच! तुझं दुखणंच हाय ते, बाहेर निघतंय."

लोक अंगारा गिळायचे, मग लांबलचक आरती व्हायची, आणि आरती संपेस्तोवर कपाळाची फडकी सुटायची. खोटं कशाला बोला? दुखणं खरोखरच थांबायचं. म्हणून तर एसटी भरत होती.

एवढं करूनही कुणाला शंका उरलीच, तर महाराज शेजारच्या पाटाकडे बोट दाखवायचे. त्या पाटावर शकू बसलेली असायची. तिच्या खालच्या ओठावर जांभळट काळा, गोल डाग होता. "देवीनं स्वतः बोट टेकवलंय हिला," महाराज म्हणायचे, आणि लोक शकूच्या पाया पडायचे. शकूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिची सासू बनुबाई मात्र शेजारी उभी राहून कुणी नीट वाकलं नाही तर त्याला पुन्हा वाकायला लावायची.

हीच बनुबाई वर्षभरापूर्वी शकूच्या डोकेदुखीला 'कामचुकारपणाचं सोंग' म्हणायची, हेही सांगून ठेवलेलं बरं.

शकूचं डोकं लग्नाच्या आधीपासून दुखत होतं. दुखायचं म्हणजे अर्धंच. उजव्या डोळ्यामागे कुणी घण घालतंय असं वाटायचं, उजेड नको व्हायचा, फोडणीच्या वासानं ओकारी यायची. महाडात एका डॉक्टरनं चष्मा दिला. दुसऱ्यानं दाढ काढली. दाढ चांगली होती, हे काढल्यावर कळलं. तिसऱ्याच्या सांगण्यावरून मुंबईत बेकरीत कामाला असलेल्या नवऱ्यानं, महिपतनं, तिला तिकडे नेऊन डोक्याचा मोठा फोटो काढून आणला. फोटो स्वच्छ निघाला.

"काही नाही तुम्हाला," तिथले डॉक्टर म्हणाले. "टेन्शन घेऊ नका."

महिपतनं आनंदानं पेढे घेतले. शकू मात्र परतीच्या गाडीत कशेडी घाटात रांगेत खोळंबलेल्या ट्रकांसारखी एका जागी अडकून बसली होती. काही नाही म्हणजे काय? मग हे जे दर पंधरवड्याला मला जमिनीवर लोळवतं, ते कोण?

आणि मग वाडीत कुशाबा महाराज आले. तिच्याकडे बघून एवढंच बोलले. "हाय गो बाय. तुझ्या डोक्यात दुखणं हाय. मला दिसतंय." शकू ढसाढसा रडली. एवढ्या वर्षांत 'आहे' म्हणणारा तो पहिला माणूस होता. त्यानं माती खायला सांगितली असती तरी तिनं खाल्ली असती, इथे तर नुसता अंगारा होता.

अंगारा खाल्ला, डोकं थांबलं, आणि घरी पोचेपर्यंत ओठावर जळजळ होऊन तो डाग उठला. पुढच्या मंगळवारी महाराजांनी डाग बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, पण बोलघेवडा माणूस कधी अडलाय? लगेच ओरडले, "बोट टेकवलं! आईनं बोट टेकवलं!" तेव्हापासून शकूला पाट मिळाला.

पाटाबरोबर नेमही आला. मंगळवारी निर्जळी उपास करायचा आणि दुखलं की घरी चिमूटभर अंगारा घ्यायचा. गंमत अशी की पूर्वी पंधरवड्यानं दुखणारं डोकं आता आठवड्यानं दुखू लागलं, मग एक दिवसाआड, मग रोज सकाळी. अंगारा घेतला की थांबायचं, आणि उतरला की दुप्पट जोरानं यायचं. "देवी परीक्षा बघतेय," असं म्हणत महाराजांनी मोठी पुडी बांधून दिली. तिकडे डागाची आग वाढत चालली. भाकरीचा तुकडा तोंडात घालवेना, तेव्हा बांगड्या भरायचं निमित्त काढून शकू एकटीच महाडला गेली.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत डॉक्टर रिझवाना देशमुख यांचा नवा दवाखाना होता. बाईंनी आधी डाग पाहिला, मग शकूला बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं. डोकं कुठं दुखतं, कधी दुखतं, उपाशी राहिल्यावर दुखतं का, उजेड सहन होतो का. तिला एवढं कुणी विचारलंच नव्हतं.

"औषध काय घेता?"

"काय नाय. नुसता महाराजांचा अंगारा, नि मंगळवारचा निर्जळी उपास."

"अस्सं! हा डाग अंगारा खाल्ला की ताजा होतो?"

"व्हय. दर वेळी. त्याच जागंवर."

"त्याच जागेवर?" डॉक्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि अंगारा सुरू व्हायच्या आधी कधी उठला होता? नीट आठवून सांगा."

शकूनं बोटांवर महिने मोजले. उठला होता. लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून पोलादपुरातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या. तेव्हा ह्याच जागेवर, असाच. महिन्याभरात पुसट झाला, म्हणून ती विसरून गेली होती.

"काही माणसांना एखादं औषध सोसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग ते औषध पोटात गेलं की अंगावर ठरलेल्या जागीच डाग उठतो. दुसऱ्या जागी नाही. तुमचा ओठ राखेला ओळखत नाही, शकूताई. तो गोळीला ओळखतो. त्या अंगाऱ्यात दुखणं थांबवायची गोळी कुटून घातलेली आहे."

शकूनं कनवटीची पुडी चाचपली.

"पण बाई, डोकं थांबतं," ती पुटपुटली.

"थांबणारच. गोळीनं थांबतं. पण गोळी रोज घेतली की डोक्याला तिची सवय लागते. मग डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी उतरली म्हणून पुन्हा डोकं. त्यात तुमचा निर्जळी उपास. अर्धशिशीवाल्यानं उपाशी राहणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. मंगळवारी दुखतंय ते महाराजांच्याच कृपेनं." बाई पुढे म्हणाल्या, "आणि एक ऐका. फोटोत दिसलं नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. अर्धशिशी फोटोत दिसतच नाही. तुमचं दुखणं खरं आहे."

त्या वाक्यावर शकूचे डोळे भरून आले. पण पुढचं ऐकायला सोपं नव्हतं. अंगारा सोडायचा म्हणजे पहिले काही आठवडे डोकं भयंकर दुखणार, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. दुखणं वरचेवर येऊ नये म्हणून दुसरं औषध रोज घ्यायचं होतं, पण ते सावकाश लागू पडणार होतं. त्यानं दुखणं कमी होईल. समूळ जाईल असं वचन काही त्या देईनात.

एसटीत बसल्यावर शकूचं मन नको ते बोलू लागलं. खोटा का असेना, अंगारा तासाभरात थांबवतो. खरी डॉक्टर सांगते, सोस. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतंय? कनवटीला पुडी होतीच. तिनं ती सोडली आणि चिमूट बोटांत धरली.

"वहिनी, तुमी महाडला गेला व्हतात?" पोलादपूरला चढलेली रखमा शेजारी येऊन बसली. वाडीतलीच, पहिलटकरीण, सातवा लागलेला. "माझंबी डोकं दुखतंय हल्ली. येत्या मंगळवारी महाराजांकडं येते. मला आधी भ्या वाटत व्हतं, पोटात पोर हाय म्हणून. पण तुमचा ओठ बघितला नि म्हटलं, वहिनींना देवीनं बोट लावलंय म्हणजे कसली भीती?"

शकूनं चिमूट खिडकीबाहेर सोडून दिली. आपल्या तोंडाकडे बघून ही पोरगी काय न काय गिळणार, ह्या विचारानं तिचा जीव चरकला.

मंगळवारी अंगारा वाटायच्या आधी देवीपुढे गाऱ्हाणं घालायची रीत होती. एकानं मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "होय महाराजा!" म्हणायचं. ते म्हटलं की मागणं साऱ्या गावाचं झालं, मग ते फिरवायची कुणाची छाती नाही. बोट लागल्यापासून गाऱ्हाण्याचा मान शकूचा होता. त्या दिवशी ती पाटावर उभी राहिली तेव्हा तिनं महाडहून आल्यापासून अंगारा घेतला नव्हता. उजव्या डोळ्यासमोर काजवे चमकत होते.

"हे आई वाघजाई!" तिनं सुरुवात केली. "तुझी लेकरं दुखण्यानं बेजार हायत, त्यांच्यावर नजर ठेव गो!"

"होय महाराजा!"

"महाराजांच्या मंत्रात ताकद हाय, तर ती कुठल्याबी राखेत उतरू दे गो! आजचा अंगारा माझ्या चुलीतल्या राखेचा होऊ दे!"

"होय महाराजा!"

"आणि महाराजांच्या डब्यातला अंगारा गावाच्या चाळणीतनं चाळून समद्यांना दिसू दे!"

"होय महारा..." सवयीनं निम्मं म्हणून झाल्यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. पण शब्द गेला होता. कुशाबा महाराजांचा हात आपसूक डब्यावर गेला.

शकूनं घमेल्यातून आणलेली राख त्यांच्यापुढे ठेवली. महाराजांनी घसा खाकरला, मंत्र म्हटले, फुंकरा मारल्या. राख वाटली गेली. पहिलीच म्हातारी तोंड वाकडं करून म्हणाली, "अगो, ही तर राखुंडी! रोज दात घासतो ती! कडू कुठाय?"

आरती झाली. गुडघे होते तिथेच दुखत होते, फडकी होती तिथेच बांधलेली होती. शकूच्या डोक्यात घण चालू होते आणि तिच्या ओठाला साधी चुणचुणसुद्धा नव्हती.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज गरजले.

"गेल्या मंगळवारी हीच माणसं व्हती, महाराज," शकू म्हणाली. "इतक्यात श्रद्धा काय धुवायला टाकली त्यांनी?"

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. महाराज डबा काखोटीला मारून उठू लागले, तोच बनुबाई पुढे झाली. आता ही सुनेचं काय करते, म्हणून सगळे टाचा उंचावून बघू लागले. बनुबाईनं महाराजांच्या काखेतून डबा ओढला. "गावानं होय म्हटलंय," ती म्हणाली. "मीबी म्हटलंय. सून बोलली म्हणून शब्द खोटा व्हतो काय?" आणि तिनं घरून पिठाची चाळण मागवून डबा तिच्यात उपडा केला.

राख खाली गेली. चाळणीत पांढरे कण राहिले, न कुटले गेलेले तुकडे राहिले, आणि एक चांगली अर्धी गोळी राहिली, कडेला छापाचं अक्षर असलेली. बनुबाईनं एक कण जिभेवर ठेवला आणि थुंकली.

"कडू!" ती म्हणाली. "दुखणं बाहेर निघतंय म्हणे! मेल्या, गोळी आत जात व्हती!"

मग शकूनं डॉक्टरबाईंकडून समजलेलं सगळं सांगितलं. गोळी, सवय, उपास, ओठ, सगळं. पोटुशीनं ह्याला हात लावू नये, असं रखमाला बजावलं. ती बोलत असताना महाराज एका भक्ताच्या मोटारसायकलवर बसून पसार झाले. बारा वर्षं हिमालयात होते म्हणायचे. ती बारा वर्षं ते घाटकोपरला एका दवाखान्यात कंपाउंडर होते, असं महिपतनं पुढे शोधून काढलं.

पण सगळे काही खूश झाले नाहीत. "आमचं थांबत व्हतं, ते तू घालवलंस," एक गुडघेवाला चिडून म्हणाला.

"माझंबी थांबत व्हतं, काका," शकू म्हणाली, आणि तिथेच डोकं धरून खाली बसली.

पुढचे आठवडे वाईट गेले. माजघरात दाराला घोंगडी लावून शकू पडून असायची. तिच्या कपाळावरची ओली घडी बनुबाई बदलायची, आणि 'सोंग' हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही. मग हळूहळू दुखणं पांगलं. आता महिन्यातून एखाद्या वेळी येतं, शकूला लोळवतं आणि जातं. तेव्हा ती वेळेवर जेवते, डोळ्यांवर पदर घेऊन निजते, आणि दुखतंय असं मोठ्यानं सांगते.

दुखणं खरं असतं, म्हणूनच त्याच्यावर खोटा धंदा चालतो. दुखणाऱ्याला वेड्यात काढणारे डॉक्टर आणि घरचे लोकच त्याला बुवाच्या पाटापर्यंत पोचवतात, हेही तितकंच खरं. तेव्हा दुखणाऱ्याचं आधी ऐका. आणि दुखणाऱ्यांनो, कुणीही काही गिळायला दिलं तर आधी तोंड उघडून प्रश्न विचारा, मग जीभ काढा.

बनुबाईला आता तो नादच लागलाय. गुडघ्यांसाठी डॉक्टर रिझवानांकडे गेली, तर चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी तिनं विचारलं, "ह्यात काय हाय? कशानं थांबतं? किती दिवस घ्यायचं? नि उलटलं तर?" बाहेर रांग खोळंबली होती, तरी डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढून एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मगच चिठ्ठी उचलली.

"हिला विचारलं तर ही सांगते," बाहेर आल्यावर ती सुनेला म्हणाली. "त्या बुवाला विचारलं असतं, तर त्यानं उपास सांगितला असता."