दारातली

जुन्या डच चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला विकणारा तो कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली होती, आणि तिथे अख्खं चित्र कुणीच काढत नसे. एक जण कपडे रंगवायचा, एक जण भांडीकुंडी आणि फळं. भिंती, दारं आणि काळ्यापांढऱ्या फरश्या एका अबोल गृहस्थांकडे होत्या, त्यांना सगळे फरशीबुवा म्हणत. चेहरे आणि हात त्यांच्या बायकोकडे, म्हणून ती चेहरेबाई. नवराबायको दिवसभर पाठीला पाठ लावून बसत आणि घरी जाऊनही फारसं वेगळं काही करत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हापासून दोघांनीही तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. एकाने काढलं असतं तर दुसरा कोलमडला असता, म्हणून दोघेही मूग गिळून होते.

सगळ्यात खपाचं चित्र सफरचंद सोलणाऱ्या मोलकरणीचं. काही शतकांमागचं स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा उजेड, मान खाली घालून बसलेली ती, तिच्या मागे उघडं दार आणि दारात अंधार. मूळ चित्र यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. छापील प्रत होती ती कधीच विटून गेली. मग जमून आलेली एखादी नक्कल भिंतीवर टांगायची, तिच्यावरून पुढच्या काढायच्या, त्यातली बरी निघेल ती पुन्हा भिंतीवर, अशी पद्धत पडून गेली होती. नकलेची नक्कल आणि तिची परत नक्कल. कुणाला काही बिघडतंय असं वाटत नव्हतं.

त्या दारात कुणीतरी उभं आहे हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा चेहरेबाईला वाटलं, डोळे दमलेत. काळोखात नुसती एक फिकट उभी रेघ होती. भिंतीवर पुढचं चित्र लागलं, त्यात रेघेला खांदा होता. त्यानंतर वेणी आली. मग चौकटीवर टेकलेला हात. आणि दर खेपेला ती उंच होत होती. आधी कडीच्या खाली असलेलं डोकं आता कडीच्या वर गेलं होतं. चेहरा तेवढा अंधारात होता.

बाई घाबरली, पण ती नुसती भीती नव्हती. लेक जगली असती तर एव्हाना आईच्या खांद्याच्या वर गेली असती. नवव्या वर्षापर्यंतचा तिचा चेहरा फोटोंत होता. त्यापुढचा कुणीच पाहिला नव्हता, आणि तो एकदा बघायचाच, या एका गोष्टीने बाईला पछाडलं.

हे नवऱ्याचंच काम, अशी तिची खात्री होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलंच.

"दारात काय काढता हो तुम्ही?"

"मी? मला वाटलं तू काढतेस. हात तुझ्याकडे असतात ना. मी समोर दिसतं तेवढं उतरवतो."

"मी त्या दाराला बोटसुद्धा लावलेलं नाही."

फरशीबुवांनी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. त्या दिवसापासून संध्याकाळी निघताना दोघंही त्या चित्रातल्या दाराकडे वळून बघू लागली, आणि एकमेकांना पकडलं की नजर चुकवू लागली.

आणखी दोन-तीन नकला, की पोर उजेडात येईल, असा बाईचा हिशेब होता. तेवढ्यात एके सकाळी मालक डोक्यात राख घालून आला. त्याच्या एका हातात परत आलेलं चित्र होतं आणि दुसऱ्या हातात नवीकोरी छापील प्रत.

"गिऱ्हाइकाने माल तोंडावर फेकलाय! दारात ही बया कोण? मूळ चित्रात तिथे चिटपाखरू नाही!"

"आली असेल शेजारीण मीठ मागायला," कपडे रंगवणारा म्हणाला. एरवी खोली हसली असती.

"आज सगळ्या चित्रांतलं दार काळं झालं पाहिजे. भिंतीवरचंही. यापुढे काम या छापील प्रतीवरून."

फरशीबुवांनी रंग कालवला आणि एकेका दारात अंधार भरत गेले. एका दारापाशीही ते थबकले नाहीत. थबकले असते तर बाईला बरं वाटलं असतं. दुपारी बाकीचे चहाला गेले तेव्हा भिंतीवरची नक्कल तेवढी उरली होती.

"थांबा," बाई म्हणाली. "एकदा तोंड बघू द्या मला तिचं. मग काय ते करा."

तिचं म्हणजे कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. सरकून जागा दिली.

बाईने बारीक कुंचला उचलला. फोटोतली पोर आठवली. फुगरे गाल, पडलेला दात. त्यावर मधली सगळी वर्षं चढवायची कशी? मन अडखळलं, पण हात सवयीचा, तो पुढे गेला. कपाळ उमटलं, पापण्या झुकल्या, हनुवटी बसली, ओठांच्या कोपऱ्यात सावली पडली. मागे सरून तिने पाहिलं. दारात मोलकरीणच उभी होती. रोज रंगवायची तीच. हाताला दुसरा चेहरा येतच नव्हता.

पुसून टाकायला तिने फडकं उचललं, तर फरशीबुवा मागे येऊन उभे होते. चेहरे चढायच्या आत त्यांचं काम आटोपलेलं असायचं. ते आयुष्यभर फरशीकडेच बघत आले होते, मोलकरणीचं तोंड त्यांनी कधी निरखून पाहिलंच नव्हतं. चष्मा सावरून ते चित्राशी वाकले.

"आली गं," ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांनी त्यांनी मुलीचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं. "केवढी मोठी झाली! हीच. मी अगदी अशीच धरली होती मनात."

बाईने ओठांवर आलेलं गिळून टाकलं. फडकं खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यावर गेलीय."

ते रडता रडता हसले. मग रंगाची वाटी ओढून त्यांनी पायांपासून अंधार भरायला घेतला. चेहरा शेवटी ठेवला होता. हात सावकाश चालला होता आणि ते लेकीशी बोलत होते, इतक्या वर्षांचं साठलेलं. बाई शेजारी उभी राहून ऐकत होती, आणि दारातली ती परकी पोर डोळे खाली घालून सगळं ऐकून घेत होती.